ओझे कपाळावर, दुखणे कमरेत

मी एक जुना कपाळपट्टा आहे. बैलाच्या कातड्याचा, पंजाएवढा रुंद. मित्रांनो, आमच्या ग्वाटेमालाच्या डोंगरात हमालाचे ओझे पाठीवर असते. त्याचे दोर माझ्या दोन टोकांना बांधतात आणि मला कपाळावर चढवतात.

मला माकारियो इश्कॉयच्या बापाने कापले, पण मऊ झालो तो माकारियोच्या घामाने. मक्याची पोती, कपाटे, एकदा तर रुसून बसलेली डुकरीणसुद्धा आम्ही वाहिली. दर वर्षी सणाला मारिंबा, म्हणजे ते लाकडी पट्ट्यांचे लांबलचक वाद्य, देवळापर्यंत न्यायचा मानही आमचाच. लोक म्हणत, "माकारियोची पाठ म्हणजे देवळाची भिंत!" तो फुगे आणि त्याच्याबरोबर मीही.

एके दिवशी सिमेंटची पोती घेऊन वळताना त्याच्या कमरेत कट्ट झाले. कळ ढुंगणापासून टाचेपर्यंत गेली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट तपासले.

"मणक्यांमधली गादी सरकून नस दाबतेय. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. गोळ्या घ्या, खाटेला चिकटून राहू नका, थोडं थोडं चाला, मी दाखवते ते व्यायाम करा. नाहीच थांबलं तर इंजेक्शन, ऑपरेशन, ते पुढचं पुढे. पण मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठायचं. आणि ओझं बंद."

"ओझं तर कपाळावर असतं, बाई! कमरेचा काय संबंध?"

आमच्याकडचे सगळे हमाल असेच मानतात. खरे सांगतो, मीही मानत होतो. सगळा भार मीच पेलतो, अशी माझी घमेंड होती. तो भार मानेतून खाली कमरेतच उतरतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

दहा दिवसांत त्याने पुन्हा मक्याची पोती उचलली. माझ्या डाव्या कडेला चीर गेली होती. "सणानंतर शिवू," असे तो म्हणाला. स्वतःच्या कमरेलाही त्याने हेच उत्तर दिले असणार.

सणाच्या सकाळी तो घरामागे गेला, बराच वेळ उभा राहिला आणि तसाच परत आला. दुसऱ्यांदाही तसेच. मला भीती वाटू लागली. त्याने हाडे बसवणाऱ्या दोमिंगा आत्याला बोलावले, चटईवर पालथा पडला आणि म्हणाला, "आत्या, एकदा कंबर ओढून दे. मारिंबा पोचवायचाय."

आत्याची बोटे कमरेवरून खाली सरकली आणि थांबली.

"कळलं काही?"

"काय?"

"चिमटा काढला मी. लघवी कधी केलीस?"

"काल संध्याकाळी. आत्या, असलं काय विचारतेस?"

"गाढवा! आणि आत्ता सांगतोस? हे हाडाचं काम नाही. मी हात लावणार नाही."

"साऱ्या डोंगराच्या कमरा ओढतेस, माझीच जड झाली?"

"ओढली आणि नस गेली, तर जन्मभर तान्ह्या पोरासारखा लंगोट बांधून बसशील!"

तेवढ्यात तोरिबियो दारात आला. मारिंबाच्या मानावर त्याचा वर्षानुवर्षे डोळा होता. "काय रे देवळाची भिंत, यंदा मी नेऊ का मारिंबा?"

"मारिंबा राहू दे," आत्या म्हणाली. "ह्याला उचल."

तोरिबियोचा चेहरा उतरला. वस्तीतले सगळे सणाला गेले होते आणि गाडीरस्ता तासभर खाली होता. त्यांनी माकारियोला खुर्चीत बसवून बांधले. तोरिबियोने स्वतःचा पट्टा आणला नव्हता.

"माझा घे," माकारियो म्हणाला. मग हळूच, "पण चीर आहे त्याला."

त्या उतारावर मी जन्मात भ्यालो नाही इतका भ्यालो. पावलागणिक चीर वाढत होती. खाली देवळाकडे फटाके वाजत होते. तोरिबियो आधी टोमणे मारत होता, "भिंत भलतीच जड आहे रे!" अर्ध्या वाटेवर टोमण्यांना दम पुरेना. नुसता श्वास ऐकू येत होता. पाठीमागे माकारियो रडत होता. माझा बोटभर भाग उरला होता, तेव्हा रस्ता आला आणि एक पिकअप थांबली.

दुपारीच ऑपरेशन झाले. त्या वर्षी मारिंबा कोणीच नेला नाही.

माकारियोचा डावा पाय अजून जरा ओढतो. ओझे सुटले ते सुटलेच. बाजारात बसून तो आता पट्टे आणि दोर विकतो. मला त्याने दुहेरी टाक्याने शिवले आणि तोरिबियोला दिले. मारिंबाचा मान आता आम्हा दोघांचा.

मित्रांनो, चीर लहान असते तेव्हाच शिवा. दुखणे लाजेखातर लपवू नका. मी एका बोटाने वाचलो आणि माकारियो एका सकाळीने.

अजूनही भर बाजारात तोरिबियो लांबून ओरडतो, "माकारियो, लघवी झाली का रे?"

आणि पूर्वी ओझ्याने मान खाली घालून फिरणारा माकारियो साऱ्या बायकापोरांदेखत खणखणीत ओरडतो, "झाली रे बाबा, झाली!"