गंधाचं बोट

मित्रांनो, माणसाचं बोट धरून त्याच्या प्राणवायूचा आकडा सांगणारा मी एक जुना ऑक्सिमीटर. अमरावतीच्या राजापेठेत, इंदूबाईंच्या देवघराखालच्या खणात राहतो. एका बाजूला कापूर, दुसऱ्या बाजूला वाती. कोरोनाच्या वर्षी मला आणलं, तेव्हा गल्लीभर मान होता. साथ सरली आणि मी खणात गेलो. एक खोड मात्र तेव्हापासून जडली, संशयाची. कोणी "मले काही झालं नाही" म्हटलं, की मला ते खरंच वाटत नाही.

यंदा त्यांच्या नातीचं, जुईलीचं लग्न ठरलं ते थेट लेहला, साडेअकरा हजार फुटांवर.

"अमरावतीतली मंगल कार्यालयं सरली काय?" इंदूबाईंचे यजमान खुशालराव कुरकुरले. पण वीस पाहुणे तयार झाले.

शेजारच्या जहाँआराबाई निवृत्त नर्स. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवलं.

"तिथं पोचल्यावर दोन दिवस आराम. पाणी पेत राहाचं. रोज बोट दाखवाचं. नव्वदच्या आसपास आलं तर भेवू नका. ऐंशीच्या खाली गेलं, तर लग्न-बिग्न बाजूला, सीधा डॉक्टर!"

मग मला बाहेर काढून नवे सेल घातले. इंदूबाईंच्या बोटांवर काळीभोर मेहंदी होती. मी चौऱ्याऐंशी दाखवले.

"भंगार झालं हे," खुशालराव म्हणाले.

"मशीनले काहून नावं ठेवता, भाऊसाहेब? बोट रंगवलं आहे. इंदूताई, एखादं कोरं बोट आहे का?"

होतं. उजव्या हाताची अनामिका. त्या बोटानं इंदूबाई रोज बाळकृष्णाला गंध लावतात, म्हणून ते रंगवलं नव्हतं. त्यावर मी सत्त्याण्णव दाखवले. सगळे हसले. पण खोटारडा म्हणून माझं नाव झालं ते झालंच.

लेहला दुसरा दिवस सोमवारचा होता. इंदूबाईंचा निर्जळी उपास. संध्याकाळी जुईली मला घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. कोणी नव्वद, कोणी अठ्ठ्याऐंशी. इंदूबाईंनी मात्र डाव्या हाताचं मेहंदीचं बोट पुढे केलं. उजवी मूठ शालीत. मला शंका आली. कोरं बोट असताना हे का?

आकडा आला शहात्तर.

"मेहंदीच्यानं दाखवते," खुशालराव न पाहताच म्हणाले.

"व्हय, मेहंदीच," इंदूबाई लगेच म्हणाल्या. "तू जाय माय, तुई हळद आहे."

जुईली हलली नाही. "आजी, गंधाचं बोट दे."

"देवाचं बोट आहे ते."

"म्हणूनच मागून राहिली. दे."

मूठ हळूहळू उघडली. त्र्याहत्तर.

खुशालरावांनी चष्मा लावला, पुन्हा पाहिलं, आणि डॉक्टरला बोलवायला चपलेविना धावले.

"डोकं कालपासून फुटून राहिलं," इंदूबाई पुटपुटल्या. "पण तुया लग्नात माह्यामुळं खोळंबा नको..."

"तुले काही झालं असतं, तर लग्न कशाचं वो आजी?"

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, आणि सकाळच्या विमानानं दोघांना खाली दिल्लीला पाठवलं. जुईलीनं मलाही त्यांच्या पिशवीत घातलं. लग्न इंदूबाईंनी मोबाईलवर पाहिलं. डोळे पुसत अक्षताही मोबाईलवरच टाकल्या. एक दाणा माझ्या फटीत अडकला, तो अजून आहे. मी तो कोणाला काढू देत नाही.

आता इंदूबाई सोमवारी पाणी पितात. बाळकृष्णाची काही तक्रार ऐकली नाही. रोज त्याला गंध लावून झालं, की तेच बोट पदराला पुसून माझ्यासमोर धरतात.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, सेल बदला, वाटलं तर माझ्यावर संशयही घ्या. पण माझ्यासमोर बोट धरताना, देवासमोर धरता तेच धरा.