रिकामं पोट

जयसिंहरावांचे आजोबा घोडदळात होते, हे ठाऊक नसलेला माणूस माधवगंजात शोधून सापडायचा नाही. खुद्द जयसिंहराव मात्र सुई दिसली की तोंड फिरवत. जांघेतला हर्निया त्यांनी वर्षानुवर्षं पट्ट्याखाली दाबून ठेवला आणि दुखणं अगदी अंगावर आलं तेव्हा कुठे दुर्बिणीच्या ऑपरेशनला होकार दिला. तीन बारीक छिद्रं, आत जाळी, दुसऱ्या दिवशी घरी. फक्त पूर्ण भूल द्यावी लागणार होती.

नेमकी ऑपरेशनच्या दिवशी एकादशी आली. नर्सनं विचारलं, "बाबूजी, सुबह से कुछ खाया-पिया तो नहीं?"

"नहीं," ते स्ट्रेचरवरून म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, कुमुदिनीबाईंनीही नाही म्हणून मान हलवली. सकाळी साबुदाण्याची खिचडी त्यांनीच वाढली होती, वर दही. पण उपासाचं का कुठे खाण्यात धरतात? एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही.

स्ट्रेचर आत गेलं. त्या बाकावर टेकतात न टेकतात तोच नर्स दुसऱ्या एका पेशंटच्या मुलावर तडकली. "चाय-बिस्कुट खिला दिया? बेहोशी में उल्टी होकर फेफड़ों में चली गई तो जान जाएगी."

कुमुदिनीबाईंनी ते ऐकलं. आपल्याच हातानं वाढली आपण खिचडी. त्या धडपडत उठल्या आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार बडवू लागल्या. "रुकिए, इन्होंने खाया है. मैंने खिलाया है."

भूल अजून दिलेली नव्हती. डॉक्टर खूप बोलले, ते कुमुदिनीबाईंनी खाली मानेनं ऐकून घेतलं. स्ट्रेचर बाहेर आलं.

"अहो, चूक माझी झाली," त्या रडत म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत."

"पता होतं मला," जयसिंहराव हळूच म्हणाले. "डॉक्टरसाहेबांनी नीट समजावलं होतं. खाल्लं की परत पाठवतील, म्हणून खाल्लं. मग ती विचारायला आली, तर सगळ्यांसमोर भ्यालो कसं सांगू? आत पडून दाराकडे बघत होतो, तू केव्हा येतेस म्हणून."

"आणि मी आलेच नसते तर?"

त्यांनी तोंड फिरवलं. "नसतो बोललो, कुमुद."

आठवड्यानं पुन्हा नर्स कागद घेऊन आली, तेव्हा कुमुदिनीबाई स्ट्रेचरच्या आडव्या उभ्या राहिल्या. "इनसे मत पूछिए," त्या म्हणाल्या. "मुझसे पूछिए."