दादाची गाठ

शाळेतून फोन आला तेव्हा ती जळलेल्या पंख्यातली काळी तार ओढून काढत होती. विज्ञान प्रदर्शनातून तिच्या लेकीची मोटर बाद केली होती. कारण ऐकून तिने पक्कड अशी आपटली, की समोर बसलेल्या दादाने मान वर केली.

"मोटर मोठ्या माणसाने केलीय म्हणे," एवढं सांगून तिने पायात चपला सरकवल्या. एरवी बहिणीच्या रागावर तेल ओतल्याशिवाय दादाला चैन पडत नसे. आज मात्र त्याला एकाएकी डब्यातले स्क्रू मोजावेसे वाटले.

बहीण-भावाचं ते मोटर वाइंडिंगचं दुकान. त्यांच्या धंद्याची एक रीत होती. तारेचे वेढे घालून झाले की दोऱ्याने बांधायचे, आणि गाठ ज्याची त्याची. मोटर तक्रार घेऊन परत आली की गाठ बघायची आणि कुणाला शिव्या घालायच्या ते ठरवायचं. दादाच्या गाठीला दोन फासे असत आणि शेपूट आत दडवलेलं. तिच्या गाठीचं शेपूट बाहेर.

लेक अकरा वर्षांची, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. तीन आठवडे पोरगी दुकानातल्या उरल्यासुरल्या तारेशी झटत होती. आईचे हात शिवशिवत, पण तिने मोटरला बोट लावलं नव्हतं. म्हणून तर डोकं एवढं फिरलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलांची रांग होती. एका टेबलावर थर्माकोलचा ज्वालामुखी. त्याच्या बुडाशी किमतीची चिठ्ठी खरवडायची अर्धी राहिली होती, आणि तो आणणाऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं. भिंगरी भिंतीशी उभी, तिची मोटर सरांच्या हातात.

सर मवाळपणे म्हणाले, "ताई, राग मानू नका. एवढ्या लहान मुलीचे वेढे इतके सरळ येत नाहीत."

मग तिने त्यांना जे फैलावर घेतलं, ते ऐकायला अख्खा हॉल गप्प झाला. मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून भिंतीवर पाट्या लावता आणि पोरीला काही आलं की आधी चोर ठरवता, इथून सुरुवात झाली. शेवटी तिने मोटर सरांच्या हातून घेतली.

"आमच्यापैकी कुणी हिला हात लावला असेल, तर आजपासून मी पक्कड धरणार नाही," म्हणत तिने ती उलटी करून दाखवली.

दोन फासे होते, शेपूट आत.

तेवढ्यात भिंगरी हळूच म्हणाली, "सकाळपासून सांगतेय मी. माझी थरथरायची. ही थरथरत नाही."

खरंच सांगत होती. आणि डबा भरता भरता आईने म्हटलं होतं, बरंच झालं की, जा आता, उशीर होतोय. आता राग कुठे ठेवावा तेच तिला कळेना. थोडा दादासाठी राखला, बाकीचा स्वतःच्याच पदरात पडला.

"सर, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "कात्री द्या. ही आत्ता, इथे करेल."

सर नियमाचं बोलू लागले. तिने ज्वालामुखी उचलून त्याचं बूड त्यांच्यासमोर धरलं. सरांनी कात्री दिली.

गाठ कापली, वेढे उलगडले. वापरलेली तार, नागमोडी. भिंगरी मोजत वेढे घालू लागली. चाळिसाव्याला एक वेढा दुसऱ्यावर चढला. आईने हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले आणि जीभ दातांत. तासाभराने बॅटरी जोडली. मोटर ढिम्म. कुणाचे तरी वडील खुदकन हसले, आणि तिने नुसतं वळून पाहिल्यावर थांबले.

भिंगरीने तारेची नुकतीच कापलेली टोकं निरखली. मग कात्रीचं पातं घेऊन त्यांच्यावरचा वीज अडवणारा लेप खरवडला आणि परत जोडली. मोटर फिरली. अशी थरथरली, की टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेली. भिंगरीने ती वरच्या वर झेलली.

परीक्षक तोवर चहा पिऊन गेले होते. बक्षीस ज्वालामुखीला.

दुकानात येऊन आईने कापलेली गाठ दादापुढे टाकली. तो पुटपुटला, की काल दोघी बाजारात गेल्या होत्या तेव्हा केलं. पोरीचं हसं होऊ नये, एवढंच मनात होतं.

"माझ्या हातून पण अशीच घ्यायचास तू पक्कड. आण इकडे, मी करतो म्हणून. स्वतःची गाठ बांधायला मला तिशी उजाडली, दादा."

भिंगरीने स्टूल ओढलं आणि मोटर मामासमोर ठेवून सुरू केली.

"मामा, ही का थरथरते ते सांग. पण हात मागे."

दादाने बहिणीकडे पाहिलं. तिचा राग अजून उतरला नव्हता. त्याने निमूट हात पाठीमागे घेतले.

"कुठली बाजू जड वाटते तुला?" त्याने विचारलं.