आत्याची पानं आधी येतात

रविवारी सकाळी भाची आली ती थेट स्वयंपाकघरात. टेबलावरचे पेले बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आत्या, तू मला पुरतं गोत्यात आणलंस."

"मी? मला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली गं."

"तू झालीस निवृत्त. तुझी पानं कुठे झालीत?"

आत्याने हात पुसून चष्मा लावला. भाची ज्या कंपनीत होती, तिथेच आत्याने बावीस वर्षं काढली होती. प्रोग्रामर मंडळी जे काही बनवत, ते कसं वापरायचं हे लिहून द्यायचं तिचं काम. आधी त्याची जाडजूड पुस्तकं छापली जात. त्यांचा ताज्या शाईचा वास तिला अजून आठवायचा. मग वेबसाइट आली आणि सगळी पानं तिथे गेली. त्या साइटवर कोणी काही शोधलं, तर कुठलं पान आधी दिसावं, हे बघायचं काम आता भाचीकडे आलं होतं.

"बघ," म्हणत तिने टाइप केलं, 'चुकून फाइल पुसली, परत कशी आणू?'

पहिलंच आलं ते एकोणीस वर्षांपूर्वीचं पान. खाली आत्याची आद्याक्षरं. भाचीने स्वतः लिहिलेलं नवं पान चौतिसावं.

आत्याला हसू आवरेना. "अजून धावतंय म्हणजे माझं घोडं!"

"हसतेस काय? साहेब म्हणालेत, जुनी सगळी पानं काढून टाकायची. तीनशे बारा. संध्याकाळपर्यंत मला 'हो' कळवायचंय."

आत्याचं हसू जागच्या जागी थांबलं. बावीस वर्षं आपण काय केलं, हे तिला घरच्यांना कधी धड सांगता आलं नव्हतं. भाचीचा बाप, तिचा सख्खा भाऊ, अजूनही लोकांना सांगायचा, "ताई टायपिंगला होती." दाखवायला होती ती एवढी पानंच.

"काढू नका," ती म्हणाली. "चुकीचं नाही त्यात काही. स्वतः करून बघितल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नव्हते."

"मग आत्ता करून बघ."

भाचीने सरावासाठी सात फाइली तयार करून दिल्या आणि त्यातली एक पुसली. आत्याने शेजारी आपलं पान उघडून ठेवलं आणि एका बोटाने ठामपणे टाइप करू लागली. पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीला तिने पानावरची कमांड दिली आणि उरलेल्या सहाही फाइली दिसेनाशा झाल्या.

"येतील, पुढच्या पायरीला सगळ्या येतील."

आल्या नाहीत. तिने दोनदा करून पाहिलं.

"ती कमांड सहा वर्षांपूर्वी बदलली, आत्या. आता ती उरलंसुरलंही साफ करते. गेल्या आठवड्यात एका मुलीचं आठ दिवसांचं काम गेलं. तुझं पान तिने अक्षरशः पाळलं."

आत्याने कीबोर्डवरचं बोट मागे घेतलं.

"रडली का गं ती?"

"फोनवर तर रडतच होती."

"काढून टाक. एकूण एक."

"काढते गं. पण काल मी ती पानं लपवून बघितली, तर साइट भलतंच काहीतरी दाखवते. आमचं हवं ते पान वर येतच नाही. तुझ्या पानांना असं काय सोनं लागलंय?"

आत्याने पान खाली, अगदी तळापर्यंत सरकवलं. तिथे बारीक अक्षरांत ओळी होत्या. 'फाइल गेली हो, काय करू?' 'मी काहीच केलं नाही, आपोआप पुसलं.' 'साहेब यायच्या आत परत आणता येईल का?'

"हे होय! लोक शोधताना अगदी असंच टाइप करतात. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी कचरा राहिलाय. नवी पानं करताना आम्हीच उडवला."

"कचरा कसला? दर गुरुवारी तक्रारींच्या फोनवर मी बसायचे. तिथल्या बाईला तेवढीच विश्रांती. फोन असा जड की संध्याकाळी मनगट दुखायचं. माणूस जसा बोलला तसं उतरवून घ्यायचं आणि त्या त्या पानाखाली टाकायचं. तुझ्या पानाचं नाव काय?"

भाची जरा ओशाळून म्हणाली, "माहिती पुनःप्राप्तीची कार्यपद्धती."

"फाइल गेल्यावर असं ओरडतं का कोणी?"

मग दिवसभर दोघी बसल्या. आत्या जुन्या पानांच्या तळाच्या ओळी वाचून दाखवायची, भाची त्या नव्या पानांखाली टाकायची. मधेच कुणाचा तरी प्रश्न आठवून आत्या खुदकन हसायची. जेवण उभ्या उभ्या झालं. चार वाजेपर्यंत लोक सर्वांत जास्त शोधतात ती चाळीस पानं झाली, आणि बाकीची आठवड्याभरात करायची ठरलं. भाचीने साहेबांना 'हो' कळवलं, जुनी पानं बंद केली आणि सकाळचाच प्रश्न पुन्हा टाकला.

पहिलं आलं भाचीचं पान. आत्याचं कुठेच नव्हतं. तिला क्षणभर चुटपुट लागली खरी, पण परक्याचं पत्र उघडावं तशी ती पान वाचू लागली.

"'योग्य ते ठिकाण निवडा.' योग्य म्हणजे कुठलं?"

"ते कळतंच की."

"मला नाही कळलं."

"आत्या, आता तू मुद्दाम..."

"मी चौथ्या पायरीवर अडकलेय. माझी फाइल गेलीय. पुढे काय करू, सांग."

भाचीने तिच्याकडे एकदा रागाने पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं, आणि ती ओळ पुसून पहिल्यापासून लिहायला घेतली. आत्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली.