मला कयाकमध्ये बसवणारा मासा

पुढे जे सांगतो त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. न बसो. तळ्यातल्या ज्या माशाने मला खालून ढकलून पुन्हा कयाकमध्ये बसवलं त्याचे मला आभार मानायचे आहेत, आणि आभाराला साक्षीदार लागत नाहीत.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लेकीने माझी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, जप्त केली. लेक फिजिओथेरपिस्ट आहे. जगाचे गुडघे वाकवायचे आणि बापाला सरळ करायचं, एवढी दोनच कामं तिला. तिची अट साधी होती. भर पाण्यात मुद्दाम उलटायचं, कोणाच्याही मदतीशिवाय परत वर चढायचं, आणि त्याचं चित्रण रविवारी जेवणाच्या टेबलापाशी सगळ्यांना दाखवायचं. जमलं तर कयाक माझी. नाही जमलं तर ती बोट क्लबला जाणार आणि मी काठावरच्या बाकावर बसून बदकं बघणार. बदकांशी माझं वैर नाही, बाकाशी आहे.

कॅमेरा जावयाने दिला. साबणाच्या वडीएवढा, पारदर्शक डबीतला, पाण्यात बुडवला तरी हूं की चूं न करणारा. जावई गुणी आहे. लेकीसमोर तोंड उघडत नाही, पण लागणारी वस्तू हळूच पुढे सरकवतो. कॅमेऱ्याबरोबर चिकटवायची एक रबरी वाटीही होती. ती कयाकच्या पुढच्या टोकाला अशी घट्ट बसली की मी तिच्यावर जीव ओवाळून टाकला. तळ्याच्या मधोमध गेल्यावर तिने हात सोडला. दोरी बांधलेली होती म्हणून कॅमेरा वाचला.

मग मी गल्लीतल्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याला सगळे पक्कड म्हणतात. त्याने एका जुन्या सायकलची सीटखालची दांडी कापली, कयाकच्या पुढच्या कडीला बोल्टने आवळली, हादरे बसू नयेत म्हणून मध्ये ट्यूबचं रबर घातलं आणि वर कॅमेरा माझ्याकडे तोंड करून बसवला. तुटलाच तर तरंगावा म्हणून त्याला थर्माकोलचा नारिंगी गोळाही बांधला. मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, बुडालात तर येऊन सांगा, दांडी बदलून देतो.

पहिल्या फेरीत नुसतं माझं पोट आलं. आम्ही दांडी वाढवली. पण एक गोष्ट ना माझ्या डोक्यात आली ना पक्कडच्या. कयाक उलटली की तिच्यावर बसवलेला कॅमेराही उलटतो.

त्यामुळे रविवारी टीव्हीवर दिसलं ते असं. आधी मी, लाइफ जॅकेट घातलेला, लांब काठावरच्या आमच्या हिच्या छत्रीकडे बघून हात करतोय. मग आभाळ खाली. मग हिरवा अंधार, बुडबुडे आणि दोन पाय, एक माझा आणि एक डॉक्टरांचा. मग कयाक सुलटी झाली आणि मी कडेवर पोट टेकून चढायला लागलो. घसरलो. पुन्हा चढलो, पुन्हा घसरलो. जावयाचा घास हातातच राहिला. आणि मग मी लिफ्टमध्ये असल्यासारखा पाण्यातून सरळ वर आलो आणि सीटवर आपटलो. कमरेखालचं काही दिसत नव्हतं, कारण भिंगावर पाण्याचा एक थेंब बरोब्बर तिथे येऊन बसला होता. त्या थेंबाचाही मी ऋणी आहे.

लेकीने चित्र थांबवलं. "बाबा, हे कसं झालं?"

मी माशाचं सांगितलं. डोकं कुकरएवढं. वजन शंभर किलो, कमी नाहीच. मी निघाल्यापासून तो मागे मागे होता आणि रागावल्यासारखे बुडबुडे सोडत होता. पायात जोर उरला नाही हे मला ज्या क्षणी कळलं, त्याच क्षणी खालून आधार आला. हे मात्र मी थट्टेत सांगितलं नाही. असा आधार सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. वर बसल्यावर मी पाण्याकडे बघून हात जोडले, तेही चित्रात आहे.

लेक म्हणाली, म्हणजे मदत झाली. मी म्हणालो, अट 'कोणाच्याही मदतीशिवाय' अशी होती, मासा कोणी नव्हे. जावयाने मान डोलावली, मग लेकीकडे बघून थांबवली. लेकीला हसू येत होतं. माझी कयाक वाचत होती. तिथेच गप्प बसायचं, तर मला जोर चढला. वजन दीडशेवर नेलं. माशाला मिशा आल्या, बुटाच्या नाडीएवढ्या जाड. म्हातारी मादी असावी, म्हटलं, थोडी बहिरी, पण ढकलायला अजून दणकट.

हिने आमटीचा डाव खाली ठेवला.

"मासा-बिसा काही नव्हता गं, मी होते," ही लेकीला म्हणाली. "आणि दीडशे म्हणे. अठ्ठावन्न किलो आहे मी. कयाक राहू दे ह्यांच्याकडे. हे पाण्यात असले की मीही पाण्यात असते, काठावर नुसती छत्री असते. आणि मिशा मला नाहीत."