कागदावरची विहीर

धाकट्या जावेच्या विहिरीमुळं रुख्माबाईच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं सहा वर्षं जुनं होतं. वैद्याकडं नेण्यासारखं ते नव्हतं. नलूच्या वावरात मोट सुरू झाली की चाकाची कुरकुर पांदण ओलांडून रुख्माबाईच्या वावरात पोचायची आणि हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नलू आपली साधी. आठवड्यातून दोनदा टोपलंभर वांगी, मिरच्या, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पाठवून द्यायची. रुख्माबाई ती वांगी शिजवायची, पोटभर खायची आणि खाता खाता म्हणायची, "बियाच बिया हायेत."

सासरे गेल्यावर वाटणी झाली. रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही. महादेवराव सरळ माणूस, पण आदल्या दिवशी रुख्माबाईनं त्यांचे कान भरले. विहिरीचं वावर सहा एकर, कोरडवाहू काळं वावर नऊ एकर, असे वाटे पाडा म्हणाली. धाकटा दीर रूपराव नऊच्या आकड्याला भुलेल आणि विहीर आपसूक आपल्या पदरात पडेल, असा तिचा होरा होता. पण रूपरावनं पंचांसमोर घटकाभरही विचार केला नाही.

"मले विहिरीचं द्या, दादा. नलूले पाणी लांबून आणा लागते."

विहीर गेली याचं वाईट वाटलंच, पण रुख्माबाईच्या काळजाला झोंबलं ते त्याचं पुढचं वाक्य. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिचं नाव घेऊन कोणी कधी काही निवडलं नव्हतं. महादेवराव वाईट नव्हते. बैलाच्या खांद्याला सूज आली तर त्यांना लगेच दिसायची, बायकोच्या दिसायची नाही, एवढंच.

पुढच्या महिन्यात पटवारी चावडीत नावं चढवायला बसला. कोणतं वावर कोणाचं, हे थोरल्या भावानं सांगायचं होतं. रुख्माबाईनं नवऱ्याला घरूनच पढवलं. "विहिरीचं आपलं म्हणून सांगजा. थो वाहीनच ना वावर, आपल्याले कुठं त्याच्या हातचं घ्याचं हाय? कागदावर तरी मायं राहू द्या."

महादेवराव दोन दिवस नाई म्हणत राहिले. दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी ते चावडीत जाऊन तसं सांगून आले. दादा सांगतो म्हणून रूपरावनं न विचारता अंगठा उठवला. तेव्हापासून चाक कुरकुरलं की रुख्माबाई मनात म्हणायची, ओढ गं बाई ओढ, विहीर तर माझीच आहे.

सत्तावन्न साली तालुक्यात सरकारी बियाण्यांचं फार्म निघायचं ठरलं. रस्त्यालगतची, पाण्याची सोय असलेली जमीन पाहिजे होती. साहेब जीपमधून उतरले, त्यांनी नलूच्या विहिरीत डोकावून पाहिलं आणि पंधरा दिवसांत कोतवालानं दवंडी दिली. विहिरीचं वावर आणि पांदणीच्या त्याच बाजूची चार वावरं सरकार घेणार. हरकत असेल त्यानं आर्वीला कचेरीत जाऊन सांगावी. लोक गेले, बोलले, एक म्हातारा तर साहेबांपुढं रडला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खुंट्या ठोकायचं काम काही थांबलं नाही.

रुख्माबाईनं मारोतीपुढं गुपचूप नारळ फोडला. मग लुगडं बदलून नलूच्या घरी गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, "देवाची मर्जी, बाई," म्हणाली आणि चहा पिऊन आली. एवढा गोड चहा तिनं त्या घरी कधी प्यायला नव्हता.

चौथ्या दिवशी कोतवाल नोटीस घेऊन आला, तो नलूकडं न जाता हिच्याच दारात.

"नोटीस महादेवरावच्या नावची हाय," तो म्हणाला.

महादेवराव मटकन ओट्यावर बसले. रुख्माबाईला उमजायला थोडा वेळ लागला. सरकार कागद ओळखतं, मोट कोण हाकतो ते पाहत नाही. कागदावर गेलं ते तिचं वावर. आणि ज्या काळ्या वावरात ती सहा वर्षं कपाशी घेत होती, ते कागदावर रूपरावचं होतं. त्यानं उद्या बाहेर व्हा म्हटलं असतं तर व्हावं लागलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी रूपराव आणि नलू दोघंही आले.

"पटवाऱ्यानं उलटंच लिहून ठेवलं म्हणे, दादा," रूपराव म्हणाला. "काळं वावर तुमचं हाय. आमी आर्वीले जाऊन तसं लिहून देतो."

"जीवाले लावून घेऊ नका, बाई," नलू म्हणाली. "सरकारचे पैसे येतीन तवा आमी कुठंतरी वावर पाहू."

महादेवरावांनी मान वर केली नाही. रुख्माबाई चहा ठेवायला आत गेली. ठरल्याप्रमाणे रूपराव लिहून देऊन आला, काळं वावर वाचलं, विहिरीभोवती काटेरी तार लागली आणि नलू लोकांच्या वावरात वेचणीला जाऊ लागली. सरकारचे पैसे अजून वाटेतच होते. वाचल्याचा आनंद रुख्माबाईला चार दिवस पुरला. मग पाणवठ्यावर, जात्यावर, जिथं जावं तिथं तेच ऐकू येऊ लागलं, नलूसारखी बाई होणे नाही. वावर हिला मिळालं आणि नाव तिचं झालं.

दिवाळीनंतर महादेवराव एका सकाळी म्हणाले, "नऊ एकराचे दोन वाटे करू. अर्धं रूपरावले देऊ. मले त्याच्या डोयाकडं पाहवत नाई."

रुख्माबाई "देऊ" म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. "पण तिले मी सांगतो." एकदा तरी नलूनं आपल्याकडं मान वर करून पाहावं, असं तिला वाटलं. ती खरंच सांगणार होती.

नलू त्या दिवशी यांच्याच वावरात वेचणीला आली होती. दोघींनी कपाशीच्या शेजारशेजारच्या ओळी, म्हणजे पाती, धरल्या.

"नलू," रुख्माबाईनं हाक मारली.

"काय, बाई?"

नलू वळली. तिची ओटी कापसानं टम्म फुगली होती. रुख्माबाईची अजून अर्धीही झाली नव्हती. वावर माझं, कपाशी माझी, आणि बरकत हिच्या हाताला? अर्धं दिलं तर या अर्ध्यातही ही माझ्यापेक्षा जास्त पिकवेल आणि मला टोपलंभर कापूस पाठवून देईल.

"काई नाई," ती म्हणाली. "तुया पातीले कापूस जास्त हाय. थे मले दे, तू इकडं ये."

नलूनं मुकाट्यानं पात बदलून दिली.

घरी आल्यावर महादेवरावांनी विचारलं, "सांगतलं काय?"

"सांगतलं. नाई म्हणते. पुन्हा इषय काढू नका म्हणे, तिनं आण घातली."

महादेवरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"केवढ्या मनाची बाई हाय थे," ते म्हणाले.

"वाढू काय?" रुख्माबाईनं विचारलं. पण ते नलूबद्दलच बोलत राहिले.