दाखल्यावरची बतूल

प्रकाशक काशेफसाहेबांचा पुन्हा फोन आला. "बाई, मुखपृष्ठ अडलंय. नाव कोणतं टाकू?"

"गुरुवारी सांगते," फरंगीस म्हणाली.

नावं तिला दोन. घरात ती फरंगीस, कागदोपत्री बतूल. खरी बतूल म्हणजे तिची थोरली बहीण, दोन वर्षांची असताना गोवराने गेलेली. बापाने मृत्यूची नोंद केलीच नाही. पुढच्याच महिन्यात ही जन्मली, तेव्हा बतूलचाच जन्मदाखला हिला चिकटवला. इराणातल्या त्यांच्या रश्त शहरात तेव्हा कितीतरी घरांत असंच चाले, कचेरीचा हेलपाटा वाचे. शाळा, लग्न, नोकरी सगळं बतूलच्या नावाने झालं, आणि कागदावर वय दोन वर्षांनी जास्त म्हणून निवृत्तीही दोन वर्षं आधीच गळ्यात पडली.

ती गेलेली बतूल लहानपणापासून फरंगीसच्या डोक्यात बसून बोलायची, भांडायची. पुस्तकातल्या साऱ्या कथा त्या भांडणांतूनच निघाल्या होत्या.

"माझंच नाव टाक," बतूल म्हणाली. "माझ्या नावात भाड्याने राहतेस आणि दारावर पाटी स्वतःची लावणार?"

"जन्मभर तुझीच पाटी मिरवली. पुस्तक मी लिहिलंय."

"आणि बोललं कोण?"

फरंगीसचा संताप संताप झाला.

गुरुवारी ती मामानला, म्हणजे आईला, घेऊन कबरस्तानात गेली. नारिंगाच्या झाडाखाली बतूलचा सिमेंटचा कोरा चौथरा होता. मामानने त्यावर गुलाबपाणी ओतलं, रिवाजाप्रमाणे बोटाने टकटक करून फातेहाची प्रार्थना म्हटली.

"मामान, हिच्या नावाचा दगड का नाही बसवला? बाबांचा चिक्कूपणा?"

"त्यांना कशाला बोल लावतेस? मीच नको म्हटलं." मामानने ओले हात अंगावरच्या चादरीला पुसले. "दगडाचे पैसे जमले तेव्हा तू नुकती वाचायला शिकलेली. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायचीस. थडग्यावर स्वतःचं नाव वाचलं असतंस तर? हिची समजूत घातली मी."

"हिची? कशी?"

"बोलते की रोज माझ्याशी. फार तोंडाळ आहे."

फरंगीसने कोऱ्या सिमेंटवर हात ठेवला. जिच्या नावाचं ओझं म्हणून ती जन्मभर कुरकुरली, त्या पोरीला ते नाव थडग्यावरसुद्धा मिळालं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिथूनच तिने काशेफसाहेबांना फोन लावला. "फरंगीस टाका." मग फाटकाजवळच्या पाथरवटाकडे गेली.

"नाव?" त्याने विचारलं.

"बतूल."

"वय?"

बतूल डोक्यातून मध्येच बोलली. "दोन वर्षं. तुझ्याकडेच आहेत ती. दे परत."

"दोन वर्षं," फरंगीसने पाथरवटाला सांगितलं.